चपट्या पिनांचं मशीन

दुकानात कोणी बिघडलेली वस्तू घेऊन आलं की मी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, आधी प्लगकडे बघते. माणूस म्हणतो, "काल तर चांगली चालत होती हो ताई." प्लग बघितला की कळतं, काल काय झालं ते. कुठे पिन काळी पडलेली असते, कुठे वरची जाड पिन पकडीने मोडून टाकलेली असते. एक महाभाग तर प्लग कापून नुसत्या वायरी भोकात घालून वर आगकाड्या ठोसत होता. आणि मलाच विचारतो, "वस्तू डुप्लिकेट असेल काय?" वस्तू नाही, मेल्या, तू डुप्लिकेट! हे मनात म्हणते. तोंडाने म्हणते, "ठेवून जा, बघते."

आमचं विजेच्या सामानाचं दुकान रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला. थाटलं वडिलांनी, गेली तीसेक वर्षं चालवते मी. आजूबाजूला घरटी एक माणूस गल्फला, त्यामुळे जगातले प्लग आमच्या काउंटरवर येऊन पडतात. दुबई-कुवेतचा तीन चौकोनी पिनांचा, धोंड्यासारखा जड, पोटात स्वतःचा फ्यूज बाळगणारा. युरोपातला दोन गोल पिनांचा. आपला बारीक तीन पिनांचा पाच अँपियरचा, आणि गीझर-फ्रीजचा जाडा पंधराचा. शिवाय अमेरिकेचा, दोन चपट्या पिनांचा. दुबईच्या प्लगला मी घाबरत नाही. तिकडची वीज आपल्यासारखीच, दोनशे तीस-चाळीस व्होल्टची. अडॅप्टर लावला की काम झालं. अमेरिकेत वीज निम्मी. तिकडची एकशेवीस व्होल्टची वस्तू आपल्या भिंतीत खोचली की दुप्पट दाब तिच्या अंगावर येतो. काही चार्जर दोन्हीवर चालतात, तसं त्यांच्या पाटीवर लिहिलेलं असतं. बाकीच्यांची राख. अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, वीज बदलत नाही. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर ऐकवत आले. ज्या दिवशी मोठ्याने बोलायला हवं होतं, त्या दिवशी मात्र कुजबुजले आणि गप्प बसले.

हे सगळं मला बाबांनी शिकवलं. बाबा रत्नागिरीतले जुने वायरमन. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात मोडके प्लग. दुपारी जेवून पडवीत आडवे झाले की तो डबा पुढ्यात ओढायचे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. "डोळे मिट," म्हणायचे आणि माझ्या हातावर एक प्लग ठेवायचे. "अंगठा फिरव. सांग कुठला." वायरमनला वीज गेल्यावरच बोलावणं येतं, तेव्हा त्याला बोटांनी दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी अंगठा फिरवून सांगायची. चुकले तर डोक्यात टपली, बरोबर आलं तर पुढचा प्रश्न.

"वरची पिन लांब का गो?"

"अर्थिंगची म्हणून."

"ते तिचं नाव झालं. लांब का?"

"आधी शिरते, शेवटी निघते."

"आणि?"

"एरवी तिच्यातनं करंट जात नाही. काही बिघडलं तर माणसाचा जीव ती वाचवते."

"शाबास."

त्या 'शाबास'साठी मी दुपारची झोप सोडून बसायची. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. तो एकदा बसला, तीन वेळा चुकला आणि रडत आईकडे गेला. बाबांनी त्याला परत कधी बसवलं नाही. म्हणाले, "त्याला शिकू दे, त्याला मोठं व्हायचंय." म्हणजे मी काय लहान व्हायचं होतं? तेव्हा हे सुचलं नाही. आता सुचतं, आणि अंगाची लाही लाही होते.

आमचं घर कातळावर. अर्थिंगचा खड्डा जांभा फोडून खणलेला, आत तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ. पावसात ओल असते तोवर ठीक, पण चैत्र लागला की कातळ असा सुकतो की अर्थिंग नावापुरतं उरतं आणि फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात. म्हणून बाबांचा नेम होता. पाडव्याला खड्ड्यात ताजं मीठ घालायचं आणि तिथून मिरगापर्यंत रोज सकाळी एक बादली पाणी. आई तुळशीला तांब्या घालायची, मी अर्थिंगला बादली. विहीर तळाला गेलेली, रहाट ओढून दंड भरून यायचे. भाऊ पडवीत अभ्यास करत असायचा. बादली ओतताना त्याच्या पुस्तकावर पाणी उडालं तर ओरडा मलाच.

भाऊ हुशार होता, खोटं कशाला बोलू? काँप्युटरचा इंजिनियर झाला, अमेरिकेला गेला, तिथेच घर केलं. पण आमच्या आळीत इंजिनियर म्हणजे इंजिनियर. काँप्युटरचा का विजेचा, कोण विचारतो? शेजारच्या काकूंच्या घरातला फ्यूज उडाला, मी शिडीवर चढून तो बांधत होते, आणि काकू खालून म्हणतात, "अगो, एकदा भावाला फोन करून विचार हो. तो इंजिनियर आहे." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय उगाच?

बारावीनंतर मी आयटीआयचा फॉर्म आणला होता, वायरमन ट्रेडचा. बाबांनी तो वाचला, नीट घडी घालून परत दिला. "शिडीवर चढणार तू? लोक काय म्हणतील? लग्न कोण करील?" पुढे दोनच वर्षांनी त्यांचे गुडघे गेले आणि चढलेच की मी शिडीवर. तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत, कारण बाबा खाली खुर्ची टाकून बसलेले असायचे. मी वर पाइपातून वायरी ओढायची, बोर्ड भरायची, घामाने निथळायची. घरमालक बाबांना विचारायचा, "झालं का हो?" बाबा सांगायचे, "झालं. मी बघितलंय." लायसन्स त्यांचं, सही त्यांची. नाचणे रोडला कितीतरी घरं अशी आहेत की त्यांच्या भिंतीतली वायरन्‌वायर माझ्या हातची आहे. कोणाला ठाऊक नाही. लग्नाचं म्हणाल तर हर्ण्याहून एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने माझ्या बोटांवरचे भाजल्याचे डाग बघितले आणि अर्धा चहा ठेवून उठली. त्यानंतर आई आजारी पडली, आई गेली, आणि तो विषयही गेला.

दुकानावरची पाटी पत्र्याची. बाबांचं नाव, पुढे 'इलेक्ट्रिकल्स', आणि शेवटी 'अँड सन'. भावाच्या बारशाच्या आठवड्यात ते 'अँड सन' वाढवलं होतं. त्या सनने दुकानात उभ्या जन्मात एक बल्ब विकला नाही. त्या पाटीखाली उभी राहून मी तीस वर्षं रोज शटर उघडते.

गेल्या वर्षी बाबांनी ऐंशी ओलांडली आणि सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम करायचं ठरलं. भाऊ नाताळच्या सुट्टीत येणार, म्हणून तेव्हाचा दिवस धरला. घराला रंग दिला, आणि हातासरशी दुकानाची गंजलेली पाटीही नवीन करू असं बाबाच म्हणाले. मी बरेच दिवस मनात घोळवत होते, ते त्या दिवशी बोलले.

"बाबा, पाटी नवीन होतेच आहे तर माझंही घाला."

"तुझं काय?"

"'अँड डॉटर' म्हणा, 'आणि कन्या' म्हणा, काय हवं ते म्हणा. पण घाला."

बाबा खुर्चीच्या हातावर अंगठा घासत राहिले. मग म्हणाले, "बघू. कार्यक्रम नीट पार पडू दे. मग पेंटरला सांगतो."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. पण ते 'सांगतो' असंही म्हणाले होते ना! लाज वाटते कबूल करायला, बावन्न वर्षांची बाई मी, त्या एका 'सांगतो'वर पंधरा दिवस हवेत होते. पेंटरला मंगळवारी बोलावलं होतं, कार्यक्रम रविवारी. दुकान बंद करताना रस्ता ओलांडून पलीकडे जायची, पाटीकडे बघायची आणि अक्षरं कुठे बसतील याचा अंदाज घ्यायची. दोन वेळा घरी जायची रिक्षाच चुकली त्यापायी.

बाबांना दम्याचा त्रास जुना. आंब्याला मोहोर धरला आणि बागांतून फवारण्या सुरू झाल्या की तो उसळतो. म्हणून दिवसातून दोनदा वाफेचं मशीन. तोंडाला मास्क लावायचा आणि त्यातून औषधाची वाफ ओढायची. मशीन इथल्याच मेडिकलमधून घेतलेलं, साधं, चक्कीसारखं घरघरणारं. पण सहा वर्षांत एकदाही दगा दिलेला नव्हता.

भाऊ गुरुवारी आला, एकटाच. बायकोला रजा मिळाली नव्हती. आल्या आल्या खिशातून बोटभर अडॅप्टर काढला, भिंतीत लावला आणि त्यावर लॅपटॉप सुरू केला. मी म्हटलं, "पाटी वाचलीस ना त्याची?" तर हसला. "अगं ताई, जगभर फिरतो मी याच्यावर." लॅपटॉप चालला, फोन चार्ज झाला. ते दोन्हीवर चालणारेच असतात, पण हे त्याला सांगायची सोय नव्हती. बॅगेत एक खोका होता, तो मात्र त्याने उघडू दिला नाही. "रविवारी, सगळ्यांसमोर. सरप्राईज आहे."

रविवारी सकाळी घरापुढच्या खळ्यात मांडव घातला होता. पूजा झाली, बायकांनी बाबांना दिव्यांनी ओवाळलं, बाबा नव्या शालीत ताठ बसले होते. त्यांची जुनी गिऱ्हाइकं आली होती, बंदरावरची माणसं आली होती. एकाने उठून सांगितलं, "यांनी वायरिंग केलेल्या घरात कधी शॉर्टसर्किट झालं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याच्या घराचं वायरिंग माझं होतं. मी बाबांकडे बघत होते. एवढंच म्हणाले असते, 'माझी पोरगी पण आहे हो यात', तर माझे पांग फिटले असते. बाबांनी हात जोडले आणि मान हलवली.

मग भावाने खोका उघडला. आत वाफेचं मशीन, पांढरंशुभ्र, तळहातावर मावेल एवढं. "बाबा, आवाजसुद्धा येत नाही याला. ती तुमची घरघर आता बंद!" लोक पुढे सरकून बघायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "थांबा रे, नवीन वस्तू आहे, कुंकू लावूया." मशीनला हळदकुंकू लागलं, वर फूल ठेवलं, समोर नारळ फुटला. नवी रिक्षा आली की करतात तसं सगळं साग्रसंगीत. भावाने बाबांच्या हातात मास्क दिला, मोबाइल उघडून शूटिंगला उभा राहिला आणि वायर माझ्याकडे केली. "ताई, लाव गं तेवढा."

प्लग हातात आला आणि न बघताच मला कळलं. अडॅप्टर पुढे लावलेला होता, पण त्याच्या मागे दोन चपट्या पिना. मी मशीन उचलून खालची पाटी वाचली. एकशेवीस व्होल्ट. फक्त एकशेवीस. मी बाबांजवळ गेले, वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाबा, एकशेवीसचं आहे हे. जळेल."

बाबांनी प्लग हातात घेतला. अडॅप्टर जरा ओढून मागे केला आणि चपट्या पिनांवर अंगठा फिरवला. पडवीत शिकवताना फिरवायचे तसाच, सावकाश. पिनेच्या कडेशी अंगठा थांबला. मी बघितलं, माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांना कळलं होतं. मग त्यांनी मान वर करून भावाकडे बघितलं. तो मोबाइल धरून हसत होता, आणि त्याच्या मागे सगळी आळी उभी होती. बाबांनी अडॅप्टर परत दाबून बसवला आणि प्लग माझ्या हातात दिला.

"लाव."

"बाबा, अहो..."

"लाव म्हणतो ना! चार माणसांत तमाशा नको."

इथे मी खरं सांगणार आहे, कारण खोटं सांगणारे घरात पुष्कळ आहेत. मला ओरडता आलं असतं. 'अरे, हे जळणार आहे,' म्हणून प्लग खाली आपटता आला असता. पण पेंटर मंगळवारी येणार होता, आणि बाबा म्हणाले होते, कार्यक्रम नीट पार पडू दे. हे एक. आणि दुसरं असं की, मला ते जळायला हवं होतं. जळू दे शिंचं, चार माणसांत जळू दे, त्या इंजिनियरचं नाक कापलं जाऊ दे आणि एकदा तरी सगळ्यांना कळू दे की या घरात प्लग कोणाला कळतो. बाबांच्या अंगात काही जाणार नव्हतं, मशीन तेवढं मरणार होतं. "मास्क तोंडाला लावू नका अजून," एवढं म्हणाले आणि प्लग भिंतीत घातला. बटण दाबलं.

आवाज न येणारं मशीन आधी शिट्टीसारखं किंचाळलं. मग आत तडतडलं, आणि कुंकवाच्या बोटाखालून काळा धूर आला. जळक्या प्लास्टिकची घाण सुटली. मी प्लग खेचून काढला, पण मशीन बाबांच्या मांडीशीच ठेवलेलं, सगळा धूर त्यांच्या तोंडावर गेला होता. नाक कापायच्या नादात दमेकऱ्याच्या तोंडाशी धूर होईल हे माझ्या लक्षातच आलं नाही. बाबा खोकायला लागले, आणि मग खोकलाही येईना, नुसती छाती वरखाली. ओठ निळसर दिसायला लागले. मी घरात धावले, कपाट उघडलं. जुनं मशीन जागेवर नव्हतं.

"मशीन कुठाय? बाबांचं मशीन कुठाय?"

काकू दारात उभ्या. "अगो, ते सकाळच्या गाडीने मालगुंडला गेलं, माझ्या भावाकडे. तुझ्या भावानेच दिलं. म्हणाला, नवं आणलंय, आता हे कशाला?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. सहा वर्षं त्या मशीनच्या नळ्या मी उकळत्या पाण्यात धूत होते, आणि ते घराबाहेर जाताना मला कोणी विचारलं नाही. तेव्हा रागवायलाही वेळ नव्हता. दोघांनी बाबांना उचलून रिक्षात घातलं, मी त्यांचं डोकं छातीशी धरून बसले. मारुती मंदिराच्या चौकात हॉस्पिटल येईपर्यंत "बाबा, श्वास घ्या, बाबा, श्वास घ्या" एवढंच म्हणत होते. मी मारलं यांना, असं मनात येत होतं. हॉस्पिटलमध्ये मास्क लागला, इंजेक्शन झालं, तासाभराने ओठांचा रंग परत आला. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं उशीर झाला असता तर कठीण होतं.

भाऊ कॉरिडॉरमध्ये उभा होता. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं, मला दयाच आली. जवळ गेले तर म्हणतो, "ताई, घरातलं वायरिंग एकदा तपासून घ्यायला हवं. तिथेच फॉल्ट असणार." घरातलं वायरिंग! मी तिथून निघून नळाखाली तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी भेटायला माणसं आली. काकू आल्या, बंदरावरचे दोघे-तिघे आले, कार्यक्रमात भाषण केलेला तो गृहस्थही आला. भाऊ उशाशी बसून बाबांचा हात धरून होता. मी पायथ्याशी उभी. त्या गृहस्थाने विचारलं, "पण झालं काय नेमकं? एवढं भारी मशीन जळलं कसं?"

बाबांनी मास्क बाजूला केला. मला वाटलं, आता तरी. भिंतीवरच्या प्लगकडे बघून ते म्हणाले, "हिने लावला ना प्लग. घाई केलीन."

"बघितलं होतं हो मी," काकू म्हणाल्या. "हिनेच लावला."

लावला होताच की मी. सगळ्यांनी बघितलं होतं, भावाच्या मोबाइलमध्ये शूटिंगसुद्धा होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर मी पुरती संन्याशीण नव्हते, माझ्या मनातला कली मला ठाऊक होता. त्यामुळे मी पायथ्याची चादर नीट खोचत राहिले. भावाने मान खाली घातली. त्याला खरंच ठाऊक नव्हतं की सोयीस्कर होतं, देव जाणे. "चुकतं माणसाचं," तो गृहस्थ मला समजुतीने म्हणाला. "तीस वर्षं वडील बघत होते म्हणून निभावलं."

त्यावर बाबा काय बोलतात याची मी वाट बघितली. ते डोळे मिटून पडून राहिले.

मंगळवारी पेंटर आला आणि परत गेला, कारण मी हॉस्पिटलमध्ये होते. शुक्रवारी भावाचं विमान. जाण्याआधी त्याने म्हणे बाबांना विचारून छापील पाटी करून घेतली, मागून दिवा लागणारी. मी शनिवारी दुकान उघडायला गेले तेव्हा ती वर चढलेली होती. बाबांचं नाव, 'इलेक्ट्रिकल्स', 'अँड सन'. अक्षरं चांगली मोठी, पलीकडच्या फुटपाथवरूनही वाचता येतील अशी. मी आत जाऊन त्या दिव्याचं कनेक्शन बघितलं. लावणाऱ्याने दोन पिनांचा प्लग लावला होता, पत्र्याच्या बॉडीला अर्थिंगच नाही. पावसात कोणी हात लावला असता तर चिकटला असता. मी शिव्या घालत शिडी लावली, तीन पिनांचा प्लग बसवला, अर्थिंगची वायर ओढली. कोणासाठी केलं, मलाच माहीत नाही. हाताला सवय.

गिऱ्हाइकं येतात अजून. पण परवा राजिवड्याची एक बाई मुलाने पाठवलेला केस वाळवायचा ड्रायर घेऊन आली, चपट्या पिनांचा. मी सांगितलं, "हा इथे चालणार नाही. नुसता अडॅप्टर लावू नका, जळेल." तिने माझ्याकडे बघितलं, वर पाटीकडे बघितलं आणि ड्रायर पिशवीत घातला. "तुमचे वडील बरे झाले की दाखवते त्यांना. तुमच्या हातून ते मशीन जळलं ना, म्हणून म्हटलं." वाईट बोलली नाही बिचारी. मी म्हटलं, "बरं."

बाबा आता घरी आहेत. मालगुंडचं मशीन परत मागायला तोंड नव्हतं, मी नवं घेतलं, पहिल्यासारखंच, घरघरणारं. काल सकाळची गोष्ट. बाहेर पडवीत काकू आणि बाबांना भेटायला आलेली माणसं चहा पीत बसली होती. मी मशीन घेऊन आत आले तर बाबा म्हणाले, "दार लोट गो जरा."

मी दार लोटलं. बाबांनी प्लग मागितला. अंगठा फिरवला, वरच्या लांब पिनेवरून दोनदा. मग माझ्याकडे परत दिला.

"रोज तूच लावत जा हो. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको. तुझ्याइतकं कोणाला कळत नाही यातलं."

चाळीस वर्षं ज्यासाठी बसले होते ते हेच. आणि ते असं, दार लोटून, कुजबुजत. मला रडू आलं नाही, संताप आला. मी म्हटलं, "बाबा, हेच जरा दार उघडून सांगा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मास्क ओढून तोंडावर घेतला आणि डोळे मिटले. मी मशीन उलटं करून पाटी वाचली, प्लग भिंतीत घातला, बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं, आणि त्या आवाजात बाबा काही म्हणाले असते तरी बाहेर कोणाला ऐकू गेलं नसतं.